नुसते उभे राहण्यासाठी

मुंबईत बाईने रस्त्यावर नुसते उभे राहायचे नसते, हे कुणी सांगत नाही, तरी सगळ्यांना ठाऊक असते. ती स्टेशनकडे निघालेली असावी, भाजी घेत असावी, बसची वाट पाहत असावी; काही काम नसताना भुलेश्वरच्या नाक्यावर अर्धा तास थांबली, तर “कुणाला शोधताय?” अशी विचारणा होतेच. सहा वर्षांपूर्वी मी कॅमेरा घेऊन बाहेर पडू लागले, तेव्हा मला थांबण्यासाठी पहिल्यांदा कारण मिळाले.

माझ्याकडे ३५ मिलिमीटरची एकच लेन्स आहे. उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचे छिद्र) एफ/८ वर, म्हणजे बऱ्यापैकी लहान, आणि फोकस अडीच मीटरवर ठेवला, की साधारण पावणेदोन ते पाच मीटरांमधले सगळे स्पष्ट येते, आणि मग यंत्राकडे न पाहता माणसांकडे पाहता येते. या लेन्सने लांबून चोरून काही टिपता येत नाही. जवळ जावे लागते, समोरच्याला आपण दिसतो, तो नको म्हणू शकतो. मला हे फार महत्त्वाचे वाटते. फुटपाथवर झोपलेल्यांचे फोटो मी काढत नाही, कारण त्यांना नको म्हणण्याची संधीच नसते.

रविवारी पहाटे मी दादरच्या फुलबाजारात असते. बल्बच्या पिवळ्या उजेडात झेंडूचे ढीग, डोक्यावरची पाटी सावरत “बाजू, बाजू” ओरडत येणारे हमाल, शेवंतीचा भाव करता करता मध्येच हसणाऱ्या बायका. आठवडाभर कार्यालयात मिटून गेलेले माझे मन इथे उघडते. इथे कुणी काम नेमून दिलेले नसते, कुणाला काही दाखवायचे नसते, आणि तीनशे फोटोंमधून एकही चांगला निघाला नाही तरी सकाळ वाया गेली असे वाटत नाही.

जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला स्वातंत्र्यापूर्वी याच शहरात कॅमेरा घेऊन फिरत होत्या, आणि त्यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापून येत. पुढे, २०११ मध्ये, त्यांना पद्मविभूषण मिळाले. तरीही मला त्या सन्मानापेक्षा त्या काळच्या मुंबईत, साडी नेसून, गर्दीत आपली जागा धरून उभ्या असलेल्या होमाईच अधिक आठवतात. ते उभे राहणे तर त्यांचे स्वतःचेच होते.

गेल्या रविवारी बाजारात पोहोचल्यावर कॅमेऱ्याची बॅटरी संपली. घरी परतावे असे क्षणभर वाटले, पण पाय निघेना. गळ्यातला कॅमेरा पिशवीत ठेवून मी पुलाखाली एका फुलवाल्याशेजारी तशीच उभी राहिले. थोड्या वेळाने त्याने विचारले, “कुणाला शोधताय, ताई?”

“कुणाला नाही. बघतेय.”

त्याने मान हलवली आणि मला नीट उभे राहता यावे म्हणून आपली करंडी थोडी बाजूला सरकवली.