बुंदीची खोली

आमच्या समोरच्या इमारतीत एक लॅब्रॅडॉर आहे. त्याच्या घरचे दोघंही सकाळी साडेआठला निघतात, एक बीकेसीला, एक ऐरोलीला. साडेसातच्या आत कोणी परतत नाही. तेवढा वेळ तो क्रेटमध्ये, म्हणजे घरातल्या तारेच्या पिंजऱ्यात, बंद. परवा खाली भेटला तेव्हा त्याच्या एका सुळ्याचं टोक तुटलेलं दिसलं. "तारा चावतो हो सारखा, पण क्रेट ट्रेन्ड आहे," त्या ताई म्हणाल्या. त्यांचा त्याच्यावर जीव आहे, हे मी रोज बघते. म्हणूनच ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

आमच्याही घरात क्रेट आहे आणि मी क्रेटच्या बाजूची आहे. पण दिवसाचे अकरा तास कुत्र्याला कोंडण्याला ट्रेनिंग म्हणू नका, एवढं मला कळवळून सांगायचंय.

आमची कुत्री बुंदी घरी आली ती भर जुलैत. भांडुप स्टेशनबाहेर उभ्या रिक्षाखाली कुडकुडत बसली होती, अडीच महिन्यांची. वन बीएचके, त्यात आम्ही चौघं. एका ट्रेनरने ऑनलाइन सल्ला दिला: क्रेट हॉलमध्ये ठेवा, दार लावा, रडली तरी बघू नका, आपोआप शिकेल. मी तसंच केलं. साडेअकराला रडायला लागली ती तीनला थांबली. मला वाटलं, शिकली. सकाळी पाहिलं तर स्वतःच्याच शूमध्ये बसलेली, घसा बसलेला, आणि माझ्याकडे बघेना. ती शिकली नव्हती, कोणी येणार नाही हे तिने मान्य केलं होतं. आजही आठवलं की पोटात तुटतं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं तेव्हा चूक कळली. पिल्लू जितक्या महिन्यांचं, जास्तीत जास्त तितके तास आणि वर एक, एवढाच वेळ त्याला शू धरून ठेवता येते. म्हणजे बुंदीला रात्रीतून दोनदा तरी उठवून न्यायला हवं होतं. कुत्रा झोपायच्या जागी घाण करत नाही, या स्वभावावरच क्रेटचं सगळं शिक्षण उभं आहे. आपण त्याला नाइलाज करून तिथेच करायला लावलं, की तो स्वभावच मोडतो. मग घरभर शी-शू सुरू झाली की आपण पिल्लाला ओरडतो.

क्रेट मी माळ्यावर टाकणार होते. थांबवलं आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. त्या लांज्याच्या. म्हणाल्या, "आमच्याकडे कुत्रा कधी कोंडला नाही. पण पावसात तो आपला आपण चुलीमागे जायचा आणि राखेत पाठ टेकून पडायचा. हिला बघ ना, माझ्या दिवाणाखालून हलत नाही." खरंच होतं. वर छप्पर, मागे भिंत, समोर माणसं दिसतायत, अशी जागा बुंदीने स्वतःच शोधली होती. आम्ही क्रेट उचलून दिवाणाला लावला. आईंनी जुन्या लुगड्यांची गोधडी आत अंथरली आणि वर एक साडी टाकली, तीन बाजू झाकून. मागून हवा येईल इतकी फट ठेवली, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. मे महिन्यात क्रेटवर प्लॅस्टिक किंवा जाड चादर टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पहिला आठवडा दाराला हातच लावला नाही. उलट सुतळीने उघडं बांधून ठेवलं, कारण तारेचं दार खणकन वाजलं की ती दचकायची. जेवणाची वाटी आधी दारात, मग रोज चार बोटं आत. दुसऱ्या आठवड्यात जेवता जेवता दार लोटायचं आणि वाटी संपायच्या आत उघडायचं. मग दहा सेकंद, अर्धा मिनिट, दोन मिनिटं. ती कुंईकुंई करायला लागली, तर आमची घाई झाली असं समजून दोन पायऱ्या मागे यायचो. आत जाण्याआधी पट्टा काढायचा, तो तारेत अडकून फास बसू शकतो. क्रेट एवढा हवा की आत ताठ उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल. याला आम्हाला दीड महिना लागला. रात्री मी आईंच्या खोलीत खालीच गादी टाकायचे, तिला माझा वास यावा म्हणून.

एक नियम मुलाला पहिल्या दिवशीच सांगितला: ती आत असली की हात लावायचा नाही आणि चिडून तिला आत पाठवायचं नाही. गणपतीत घरात तीस-चाळीस माणसं येऊन जातात. बुंदी मध्येच उठते, आत जाते, गोधडी दोनदा उकरते आणि झोपते. तिच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दहा दिवस उड्या बंद सांगितल्या, तेव्हाही त्याच जागेचा आधार झाला. दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब वाजला की आई साडीचा चौथा पदर खाली सोडतात आणि शेजारी जपमाळ घेऊन बसतात.

ज्या कुत्र्याला एकटेपणाची भीती आहे, त्याला क्रेट मुळीच देऊ नका. लाळ गळते, नखं रक्ताळतात, तारा वाकतात. तो हट्ट नसतो, ती घबराट असते. जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून आपल्या मागे काय होतं ते एकदा बघा. फिनलंडमध्ये घरात कुत्र्याला असं कोंडून ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडेही १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या ११व्या कलमात पुरेशी हालचाल करता न येणारा पिंजरा हा गुन्हा आहे, आणि कायम कोंडलेल्या कुत्र्याला न फिरवणं हाही. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. त्या दंडाने कोणाचा लॅब्रॅडॉर सुटणार नाही, हे मला कळतं.

मुंबईत नोकरी आणि लोकलचा प्रवास कोणाला चुकलाय? आम्हालाही नाही. पण दुपारी एक माणूस अर्धा तास येऊन फिरवून गेला, किंवा क्रेटऐवजी एक खोली मोकळी ठेवली, तरी फरक पडतो. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा तीन-चार तासांवर बंद ठेवू नये.

त्या ताईंना मी काल सांगितलं, की आई दुपारी घरीच असतात, बाराला त्याला आमच्याकडे सोडून बघू. त्या थोड्या गप्प झाल्या, मग चावी देते म्हणाल्या. सोमवारी तो पहिल्यांदा येणार आहे. आईंनी दुसरी गोधडी शिवायला काढलीय.