पाच हसरे चेहरे हमखास मिळवून देणारा सल्ला

हॉटेल काढताय? अभिनंदन! मिसळीचा कट जमलाय, गल्ल्यावर मेहुणा बसलाय, म्हणजे आता राहिली फक्त स्वच्छता. घाबरू नका, भटारखाना घासायला सांगत नाहीये.

पहिल्यांदा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर काढा. सुरुवातीला 1 असेल तर परवाना, 2 असेल तर नुसती नोंदणी; पुढचे दोन आकडे राज्याचे, त्यापुढचे दोन वर्षाचे. गिऱ्हाइकाला यातलं काही ठाऊक नसतं. नंबर आहे म्हणजे सरकारने आत शिरून कढया हुंगल्या आहेत, असं ते बापडं समजतं. समजू द्या. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचा नियम आहे, तो जरूर पाळा. गणपतीच्या तसबिरीखाली लावलं की उदबत्तीचा धूर शेवटच्या चार आकड्यांवर नेमका बसतो. 2022 पासून हा नंबर बिलावरही छापावा लागतो. तेव्हा मागेल त्यालाच बिल द्या.

आता मुख्य मुद्दा, हायजीन रेटिंगचा, म्हणजे एफएसएसएआयच्याच योजनेत स्वच्छतेला मिळणाऱ्या गुणांचा. मिळतात ते हसरे चेहरे, एकपासून पाचपर्यंत. आणि योजना ऐच्छिक आहे! अर्ज तुम्ही करायचा, तपासयादी आधी स्वतःच भरून स्वतःला मार्क द्यायचे, मग मान्यताप्राप्त एजन्सीकडून ऑडिट करून घ्यायचं आणि त्याचा खर्चही तुम्हीच सोसायचा. दहावीच्या पोरांना आपला परीक्षक फी भरून घरी बोलावता आला असता, तर महाराष्ट्रात नापास कोण झालं असतं? बरं, ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांच्या भिंतीवर रडका चेहरा कुणी लावत नाही. कोरी भिंत काहीच बोलत नाही, हे या योजनेचं सगळ्यात मोठं सौंदर्य.

ऑडिटच्या दिवशी मात्र जरा धावपळ होईल. टोप्या आणि हातमोजे पाकिटातून काढा. घडीच्या रेघा दिसू नयेत म्हणून आदल्या रात्री काढलेले बरे. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी लागते, विषमज्वराच्या गटातल्या रोगांची लसही लागते. कागद तयार ठेवा. ज्याच्या नावाचा कागद आहे तो पोऱ्या मागच्या दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही, एवढी चौकशी कोण करतंय? फ्रीजमध्ये कच्चं चिकन वरच्या फळीवर आणि त्याखाली उघडं श्रीखंड ही रोजची मांडणी तेवढी एका दिवसापुरती उलटी करा.

तेलाचं थोडं अवघड आहे. 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हापुन्हा तापवलं की वाढत जाणारी संयुगं) 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल बाद. म्हणजे ज्या तेलाने तुमच्या वड्याला रंग आणि तुम्हाला नाव दिलं, तेच बाद! डबा शेजारच्या दुकानात हलवा. संध्याकाळी परत आणा, गाळा, वरून ताजं ओता. वडा गुंडाळायचे जुने पेपरही त्याच दुकानात ठेवा. वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधायला 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी बंदी घातली आहे; शाई पोटात जाते म्हणे.

एक गोष्ट मात्र कुठेही हलवू नका. वेटरच्या खांद्यावरचं फडकं. आधी टेबलावरची सांडलेली आमटी, मग बाकडं, मग स्वतःचं कपाळ, आणि शेवटी त्याच फडक्याने गिऱ्हाइकापुढची ताटली लखलखीत! तोच वेटर चार बोटं चार ग्लासांत बुडवून पाणी आणतो. ‘वेगवान सेवा’ अशी पाटी लावा.

आणि चुकून एफडीएचे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे, अन्न सुरक्षा अधिकारी न सांगता आलेच तर? चहा सांगा. कायदाही इतका निर्दय नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 32 ची सुधारणा नोटीस आली, तर निदान 14 दिवसांची मुदत असते. झुरळांनाही बिऱ्हाड हलवायला वेळ हवाच ना. अस्वच्छतेसाठी कलम 56 खाली दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो, पण एवढ्या मोठ्या शहरात तुमचीच पाळी यायला तुम्ही कोण लागून गेलात?

गिऱ्हाइकाची चिंता नको. ते भिंतीवरचे चेहरे मोजत नाही, बाहेरची रांग मोजते. गर्दी आहे म्हणजे माल ताजा, एवढंच त्याचं ऑडिट. पोट बिघडलंच तर ते पाण्याला नाव ठेवील, हवेला ठेवील, आदल्या दिवशीच्या लग्नाला ठेवील. तुम्हाला नाही. पुढच्या रविवारी पोराबाळांसकट हजर.

धंदा वाढला की परदेशात शाखा काढायचं मनात येईल. लंडनला खुशाल काढा. तिथे तपासनीस न कळवता येतो आणि शून्य ते पाच गुण देतो खरा, पण इंग्लंडात स्टिकर दारावर लावायचा की नाही ही मालकाची मर्जी. इंटरनेटवर गुण सगळ्यांना दिसतात. पण भुकेल्या पोटी कोण शोधत बसणार? शेजारच्या वेल्सच्या वाटेला मात्र जाऊ नका. नोव्हेंबर 2013 पासून तिथे जो आकडा मिळेल तो दारावर लावावाच लागतो. शून्य असलं तरी. कुणी स्वस्तात जागा देऊ केली तरी तिथल्या कार्डिफला नाही म्हणा.