अंतर भागिले वेग म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे

लेखात दोन प्रादेशिक विमानतळांमधलं अंतर ४०० किमी, विमानाचा वेग ताशी ८०० किमी, म्हणून प्रवास अर्ध्या तासाचा, असा हिशेब मांडलाय. हे वाचून कुणी पुढची गाडी किंवा विमान गाठायचं ठरवलं तर त्याची पंचाईत होईल, म्हणून लिहितोय.

एवढ्या पल्ल्यात जेट विमान पूर्ण वेगाने उडतं ते जेमतेम काही मिनिटं. बाकीचा वेळ वर चढण्यात आणि खाली उतरण्यात जातो. बऱ्याच देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किमीची मर्यादा असते. शिवाय उड्डाण वाऱ्याच्या दिशेला तोंड करून होतं. धावपट्टी उलट्या बाजूची मिळाली तर आधी वळसा घालावा लागतो, आणि नकाशावरच्या सरळ रेषेत तो वळसा कुठेच दिसत नाही.

वेळापत्रकातली वेळ तर विमान जागेवरून हलल्यापासून पोहोचून उभं राहीपर्यंतची असते. त्यामुळे तासभर सहज लागतो. म्हणूनच ताशी ५०० किमीच्या आसपास उडणारं एटीआर ७२ सारखं पंख्याचं (प्रोपेलरचं) विमान अशा मार्गावर फारसं मागे पडत नाही, आणि इंधनही कमी खातं.

लेखात वेळापत्रकातली वेळ द्यावी, तीही जाण्याची आणि येण्याची वेगवेगळी, कारण वारा आणि धावपट्टीची दिशा यांमुळे दोन्हींत फरक पडू शकतो.