बॉस्पोरसचं नाणं म्हणजे गुलामीचा शिक्का नव्हे

सौरोमातीस पहिला या राजाच्या सोन्याच्या नाण्याचा फोटो सध्या खूप फिरतोय. एका बाजूला लांब केसांचा राजा, दुसऱ्या बाजूला रोमन सम्राट. सोबतचा दावा असा: बॉस्पोरसचे (काळ्या समुद्राच्या उत्तर काठावरचं प्राचीन राज्य) राजे रोमच्या हातातली बाहुली होते, नाणं रोमनेच पाडून दिलं, सम्राटाचा चेहरा हा गुलामीचा शिक्का, आणि पुढे रोमने सोनं लुटलं म्हणून नाणं तांब्याचं झालं.

रोमने पाडलं? नाही. राजधानी पँटिकापायन, म्हणजे क्रिमियातलं आजचं कर्च, टांकसाळ राजाची. रोमच्या बहुतेक मांडलिकांनी चांदी-तांब्यावर भागवलं, इथे मात्र सोन्याचा स्टेटर (इथल्या नाण्याचं नाव) पिढ्यान्‌पिढ्या पडत राहिला. इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने रोमचं सोन्याचं नाणं सव्वासात ग्रॅमच्या आसपास आणलं. बॉस्पोरसचा स्टेटर त्यानंतरही पावणेआठच्या जवळपासच राहिला.

आता चेहरा. फोटो मोठा करून बघा. राजाभोवती ग्रीक अक्षरांत त्याचं नाव आणि 'राजा' ही पदवी आहे. सम्राटाच्या डोक्याभोवती नावच नाही, खाली फक्त वर्ष. तेही रोमचं नव्हे, इ.स.पू. २९७ पासून मोजलेला पोंटस (काळ्या समुद्रापलीकडचं राज्य) आणि बॉस्पोरसचा शक. ग्रीक अक्षरं आकडे म्हणूनही वापरत; समजा, तिथे एटा (८) आणि उप्सिलॉन (४००) दिसले, तर ४०८ वजा २९७, म्हणजे इ.स. १११-११२, सम्राट ट्राजनचा काळ. इतकं चोख वर्ष घालणारी प्राचीन नाणी थोडीच, म्हणून तर अभ्यासकांचा या मालिकेवर जीव.

मांडलिकत्व खोटं होतं असं मी म्हणत नाही. हे राजे शिलालेखांत स्वतःला 'सीझरचा मित्र, रोमचा मित्र' म्हणवत. रोमने मानाने दिलेली खुर्ची त्यांनी तांब्याच्या नाण्यांवर मिरवली. इ.स. ६२-६३ मध्ये तर सोन्यावरून राजाची खूण गेली आणि नीरोची आली. पण ती अवस्था टिकली नाही. पहिलं शतक सरता सरता राजाचा चेहरा नाण्यावर आला आणि पुढे कायम राहिला.

लुटीची गोष्ट तर पार चुकीची. तिसऱ्या शतकात सोन्याचा कस उतरत गेला, आधी चांदीमिश्रित, मग जवळपास निव्वळ तांबं. त्याच काळात रोमची स्वतःची चांदीही नावापुरतीच उरली होती, आणि काळ्या समुद्रावर गॉथ या जर्मानिक टोळ्यांच्या धाडी चालू होत्या. इ.स. ३४१-३४२ च्या शेवटच्या तांब्याच्या स्टेटरवरही राजाचं नाव आणि आपल्या शकाचं वर्ष आहेच.