सतत चिडणाऱ्या मित्राबद्दल

"स्वभावाला औषध नाही" ही म्हण मला हल्ली ऐकवत नाही. आमच्यातला एक मित्र आहे, नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. सारखा चिडलेला असतो. पार्किंगवरून, हॉटेलच्या बिलावरून, कुणी फोन उशिरा उचलला म्हणून, कशावरूनही सुरू होतो आणि एकदा सुरू झाला की समोरच्याला बोलूच देत नाही. आता त्याला कुठं बोलवायलाच नको असं मित्रांमध्ये चाललंय आणि विचारलं की हीच म्हण, जाऊ दे रे त्याचा स्वभावच तसला.

तसला नव्हता हो. माझे वडील ससूनला ॲडमिट होते तेव्हा वॉर्डाबाहेर चटई टाकून माझ्यासोबत रात्र काढणारा हाच, आणि तेव्हा तर त्याचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. मग मधल्या काळात काय झालं हे विचारायचं कुणालाच सुचत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता तो चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. शिफ्ट बदलत राहते, म्हणजे शरीराला झोपेची एक वेळ लागली की लगेच दुसरी. नाईट करून तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमधून घरी पोचायचं आणि वन बीएचकेमध्ये पोरांच्या दंग्यात, कुकरच्या शिट्ट्यांत झोपायचं. वर फ्लॅटचा हप्ता, आईचं डायलिसिस, आणि कॉन्ट्रॅक्ट पुढं चालू राहणार का नाही ते साहेबाच्या मर्जीवर. तिथं साहेबावर चिडता येत नाही ना, मग ते सगळं पार्किंगवाल्यावर निघतं, बायकोवर निघतं, आपल्यावर निघतं.

आणि डिप्रेशन म्हटलं की आपल्याला कोपऱ्यात गप्प बसलेला माणूसच दिसतो, पण पुरुषांमध्ये ते कितीतरी वेळा चिडचिड होऊन बाहेर येतं. लहानपणापासून रडायला बंदी आणि ओरडायला परवानगी, दुसरं काय होणार? शिवाय शरीराचीही कारणं असतात. थायरॉइड वाढलेलं असलं की माणूस विनाकारण चिडतो, घोरताना श्वास अडकून रात्रभर झोपमोड होत असली तरी चिडतो, डायबेटिसच्या गोळ्यांनी शुगर एकदम उतरली की त्या वेळेलाही चिडतो. यातल्या प्रत्येक गोष्टीला औषध आहे, उपचार आहेत. मग स्वभाव म्हणून कशाला सोडून द्यायचं?

काही जण म्हणतात काढू दे की राग बाहेर, मोकळा होईल. हे पण चूक आहे. अमेरिकेत ब्रॅड बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 2002 मध्ये यावर प्रयोग छापलाय. ज्याने राग आणला त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक नंतर शांत झाले नाहीत, उलट नुसतं गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. म्हणून तो कुणाला शिव्या घालायला लागला की आपण "बरोबर आहे भावा, तो आहेच तसला" करत बसायचं नाही. आणि भडकलेला असताना "शांत हो" पण म्हणायचं नाही, त्याने आजपर्यंत कुणी शांत झालेलं मी पाहिलं नाही. तेव्हा वाद न घालता बाजूला व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी डोकं थंड असताना मुद्दाम भेटायचं.

मी तेच केलं. निगडीला भक्ती-शक्तीपाशी चहा घेतला आणि चालत चालत बोललो, समोरासमोर बसलं की आमच्या दोघांच्या तोंडातून शब्द फुटत नाही. "का चिडतोस" विचारलंच नाही, "झोप किती होते रे तुझी" एवढंच विचारलं. बराच वेळ काही नाही आणि मग म्हणाला, "घरात नुसता चमचा पडला तरी डोक्यात कळ जाते, पोरगी मला बघून टीव्ही बंद करते, ते बघवत नाही." एवढं बोलला आणि माझंच मन भरून आलं.

मग डॉक्टरकडे गेलो. बीपी वाढलेलं निघालं, झोपेची टेस्ट अजून व्हायचीय. राग त्याचा गेलेला नाही, परवाच माझ्यावर डाफरला. पण नंतर स्वतःहून फोन केला, हे आधी कधी होत नव्हतं.

एक मात्र स्पष्ट लिहितो. चिडणं वेगळं आणि हात उचलणं वेगळं. कुणाचा मित्र घरात मारहाण करत असेल तर त्याला टेन्शन आहे म्हणून पांघरूण घालू नका, आधी त्याच्या बायकोच्या बाजूने उभे राहा, महिलांसाठी 181 हेल्पलाइन आहे, 2005 चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. आणि ज्यांना डॉक्टरकडे जायची लाज वाटते त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. जवळची माणसं पण फोन करून विचारू शकतात कसं सांभाळायचं ते.

आपल्यातल्या लोकांना एवढंच सांगायचंय की त्याला फोन करा. या आठवड्यात त्याची सेकंड शिफ्ट आहे, घरी यायला मध्यरात्र होते, त्यामुळे सकाळी लवकर नको. अकराच्या पुढे करा, तेव्हा आंघोळ-नाश्ता झालेला असतो आणि नीट बोलतो.