समुद्राखालचा नळ

निवडणूक हरलात? पेढे वाटा. कमाईची वर्षं आता सुरू होतात. फक्त आपल्याकडचे पडलेले उमेदवार करतात तसं करू नका: चार महिने मतदान यंत्राला शिव्या, मग पक्षांतर, मग पुन्हा तिकिटासाठी दिल्लीच्या चकरा. एवढे हाल कशासाठी? जर्मनीचे माजी चान्सलर गेरहार्ड श्रोडर यांचा फोटो देवघरात लावा आणि पुढचं नीट वाचा.

जन्म गरिबीत झालेला असेल तर उत्तमच. श्रोडरांचे वडील महायुद्धात मारले गेले, आईने लोकांकडची साफसफाई करून मुलं वाढवली, आणि हा पोरगा दुकानात उमेदवारी करत, रात्रशाळेत शिकत वकील झाला. ही गोष्ट जपून ठेवा. पुढे कुणी मानधनाचा आकडा विचारला की तीच सांगायची.

सत्तेत असताना कामगारांच्या पक्षात राहावं आणि जेवायला उद्योगपतींकडे जावं. श्रोडरांना लोक ‘मालकांचे कॉम्रेड’ म्हणत. 2001 साली त्यांनी बेरोजगारांना सुनावलं की समाजात आळशीपणाचा हक्क कुणालाच नाही. पुढे भत्त्यांचे नियम कडक झाले: मिळेल ते काम घ्या, नखरे करू नका. लोकांना वाटलं, माणूस निर्दयी आहे. पण स्वतःची नोकरी गेल्यावर या गृहस्थाने तोच नियम किती निष्ठेने पाळला बघा. 22 नोव्हेंबर 2005 ला चान्सलरपद गेलं आणि 9 डिसेंबरला नवी नेमणूक जाहीर झाली. सतरा दिवस! रोजगार विनिमय केंद्रात इतकी तत्परता कुणी पाहिली आहे?

अर्थात, पेरणी आधी झाली होती. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई नको आणि उशीरही नको. आपला नगरसेवक मतदानाच्या आधी वस्तीत नळ आणतो. श्रोडरांनीही आणला, फक्त तो बाल्टिक समुद्राच्या तळातून, रशियाच्या विबोर्गपासून जर्मनीच्या किनाऱ्यापर्यंत 1,224 किलोमीटर लांब, आणि त्यातून पाण्याऐवजी गॅस येणार होता. मधल्या युक्रेनला आणि पोलंडला वळसा, म्हणजे त्यांना वाहतुकीचे पैसेही द्यायला नकोत आणि त्यांचं ऐकायलाही नको. 8 सप्टेंबर 2005 ला बर्लिनमध्ये पुतिन यांच्या साक्षीने करार झाला. मतदान 18 तारखेला. एखाद्या टक्क्याने श्रोडरांचा पक्ष मागे पडला, पण करार झालेला होता. मावळत्या सरकारने तर जाता जाता रशियाच्या सरकारी गॅस कंपनीच्या, म्हणजे गॅझप्रॉमच्या, सुमारे 1 अब्ज युरोच्या कर्जाला हमी द्यायचंही ठरवलं. कंपनीने ती वापरली नाही, आणि श्रोडर म्हणाले, मला याची कल्पनाच नव्हती. हे वाक्य आरशासमोर उभं राहून रोज वीस वेळा म्हणा.

मग याच पाइपलाइनच्या कंपनीत भागधारक समितीचं अध्यक्षपद. निम्म्याहून जास्त हिस्सा गॅझप्रॉमचा, पत्ता स्वित्झर्लंडमधल्या त्सुग गावचा, मानधन वर्षाला अडीच लाख युरो. नियमांची काळजी करू नका. मंत्र्यांनी पद सोडल्यावर काही महिने थांबावं, असा कायदा जर्मनीत झाला, पण 2015 मध्ये. दहा वर्षं आधी पोहोचायला दूरदृष्टी लागते.

एकटं वाटेल ही भीतीही नको. फिनलंडचे माजी पंतप्रधान पावो लिप्पोनेन 2008 मध्ये याच कंपनीचे सल्लागार झाले. 2011 मध्ये उद्घाटनाचं चाक फिरवायला श्रोडरांना हरवणाऱ्या मर्केलबाई आल्याच, शेजारी फ्रान्सचे पंतप्रधान फ्रान्स्वा फियों उभे. तेच फियों 2021 मध्ये दोन रशियन कंपन्यांच्या संचालक मंडळांवर गेले. त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या माजी परराष्ट्रमंत्री कारिन क्नाइसल रोसनेफ्ट या रशियाच्या सरकारी तेल कंपनीत आल्या, ज्यांच्या लग्नात पुतिन नाचून गेले होते. आमच्याकडे लग्नात फार तर आहेर लिहून घेतात.

मैत्री उघडपणे निभवावी. रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळून काही आठवडे झाले होते तेव्हा, 2014 मध्ये, श्रोडरांच्या सत्तरीचा समारंभ सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला आणि दारात पुतिन यांना मिठीही झाली. बक्षीस म्हणा की योगायोग, 2017 मध्ये ते रोसनेफ्टचे अध्यक्ष झाले.

आता पुस्तकी लोक 2022 ची आठवण काढतील. होय, रशियाने युक्रेनवर हल्ला केला. होय, श्रोडरांच्या कार्यालयातली माणसं राजीनामा देऊन निघून गेली, त्यात वीस वर्षं सोबत असलेला सहकारीही होता. डॉर्टमुंडच्या फुटबॉल क्लबने मानद सदस्यत्व काढून घेतलं. हॅनोव्हर शहर मानद नागरिकत्व काढण्याच्या तयारीत होतं, तेवढ्यात त्यांनी स्वतःच ते परत केलं (पडण्याआधी उडी मारणं यालाच म्हणतात). मे महिन्यात रोसनेफ्टही सोडलं. सप्टेंबरमध्ये तर पाइपलाइनच समुद्राखाली स्फोटाने फुटली. पण त्यांनी एका अमेरिकी दैनिकाला सांगितलं होतं की ‘चुकलो’ म्हणणं आपल्या स्वभावात नाही. एवढा स्वभाव कमावला की बाकीचं जमतं.

संसदेने सरकारी खर्चाचं कार्यालय आणि कर्मचारी काढून घेतले, तेव्हा श्रोडर कोर्टात गेले. निवृत्तिवेतन आणि सुरक्षारक्षक शाबूत होते, तरी गेले. 2023 मध्ये दावा फेटाळला, 2024 मध्ये वरच्या कोर्टानेही फेटाळला. आळशीपणाचा हक्क नाही, हे त्यांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत पाळलं.

पक्षाने काढून टाकलं असेल ना, असं तुम्ही विचाराल. प्रयत्न झाले, जमलं नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये हॅनोव्हरच्या शाखेने त्यांना साठ वर्षांच्या सभासदत्वाबद्दल मानपत्र दिलं आणि सोबत कोटाला लावायची छोटी पिन.