पाचच्या भोकात चारची पिन

जुन्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच रात्री मोबाइल चार्ज करण्याचा क्षुल्लक प्रसंग माझ्यावर ओढवला आणि त्या घरातील सॉकेटांचे आपापसांत अजिबात पटत नसल्याचे माझ्या लक्षात आले. दाराजवळच्या सॉकेटाला तीन बारीक भोके होती, खिडकीखालच्याला तीन मध्यम आणि कपाटामागे दडलेल्याला पेन्सिलीच्या जाडीची तीन भोके होती. माझ्या चार्जरला मात्र दोनच पिना होत्या आणि तिघांपैकी कोणाचेही घराणे त्याला चालत नव्हते.

ही वर्णव्यवस्था कोणा लहरी वायरमनची असावी, असा माझा समज होता. पण तिला चक्क शास्त्राधार निघाला. ब्रिटनमध्ये १९३४ साली गोल पिनांचे जे मानक निघाले, त्यात २, ५, १५ आणि ३० अँपिअर असे चार आकार ठरवलेले होते. जाड पिन बारीक भोकात शिरूच नये, म्हणजे दिव्याच्या नाजूक तारेवर इस्त्री चालवण्याचा मोह कोणाला होणार नाही, असा त्यामागचा सद्हेतू होता. पाच अँपिअरच्या पिनेचा व्यास सुमारे ५ मिलिमीटर आणि पंधराच्या पिनेचा ७. युरोपीय धर्तीच्या माझ्या चार्जरची पिन ४ मिलिमीटरची. परंतु दोन पिनांमधले अंतर पाचाच्या सॉकेटाशी जवळजवळ जुळत असल्यामुळे ती आत अगदी आपुलकीने जाते आणि त्याच आपुलकीने बाहेर येते. चार्जरखाली मी जाडजूड पुस्तकांची चळत रचली, वर एक उशी ठेवली आणि श्वास रोखून झोपलो. सकाळी उशी जमिनीवर होती, चार्जर उशीवर होता आणि बॅटरी तीन टक्के होती.

त्यानंतर मी भोकात एक काडी खोचली. हा मूर्खपणा आहे हे मला तेव्हाही ठाऊक होते, कारण सैल सांध्यात ठिणग्या उडतात, सांधा तापतो आणि तापलेल्या सांध्यात लाकडाची काडी ठेवणे म्हणजे चुलीची पूर्वतयारीच होय; तरीही आठवडाभर फोन चार्ज झाला, हे नाकारता येत नाही.

स्वयंपाकघरात तर सॉकेटच नव्हते. तेथे दिव्याच्या होल्डरमध्ये बसवायचा, दिवा आणि प्लग दोन्ही घेणारा एक दुभाजक होता आणि तोही अडाणीपणा नव्हे, तर मूळ परंपराच आहे. घरोघरी वीज प्रथम दिव्यासाठीच आली असल्यामुळे अमेरिकेत हार्वे हबेल यांनी १९०४ साली पेटंट घेतलेल्या प्लगचा एक भाग दिव्याच्या होल्डरमध्येच फिरवून बसवायचा असे. माझ्या दुभाजकाची अडचण एवढीच होती की दिव्याचे बटण दाबल्याखेरीज त्याला वीज मिळत नसे. साहजिकच फोन चार्ज करायचा तर रात्रभर स्वयंपाकघर उजळून ठेवावे लागे. दिवा काढून ठेवून पाहिला, तर अंधारात फोनच सापडेना.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर असाही एक प्लग निघाला होता, ज्याची एक पिन म्हणजे स्क्रूने बसवलेला फ्यूजच होता. तो वापरता वापरता सैल होई आणि प्लग ओढला की पिन सॉकेटातच राहून जाई. हे वाचल्यापासून माझी सॉकेटे मला बरीच सज्जन वाटू लागली होती.

तो सज्जनपणा लॅपटॉपने संपवला. त्याचा थ्री-पिन प्लग खिडकीखालच्या सॉकेटात तेवढा घट्ट बसत असे. पण लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून हात फिरवला की बोटांना मुंग्या येत. अखेर मी एका वृद्ध वायरमनला बोलावले. त्यांनी मेन स्विच बंद केला, बोर्ड उघडला आणि कापडात गुंडाळलेल्या तारेला टेस्टर नुसता टेकवला, तर आतले रबर भुगा होऊन गळू लागले. सर्वांत वरच्या, सर्वांत लांब पिनेच्या भोकामागे तारच नव्हती. इतर दोन्ही पिनांच्या आधी टेकून अर्थिंग मिळवण्यासाठी जी पिन मुद्दाम लांब केलेली असते, ती इतकी वर्षे नुसती शोभेला आत जात होती.

“साहेब, हे सगळेच बदलावे लागेल,” असे म्हणत त्यांनी पाचाचे सॉकेट उपडे करून हातावर ठोकले. त्यातून तीन काड्या पडल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“एकच माझी आहे,” मी म्हणालो.